सरव्याच्या शेतातला सलाम

बंधूभगिनींनो, जय ख्रिस्त.

तुम्ही सगळ्यांनी एका आवाजात उत्तर दिलंत. फक्त मागच्या भिंतीला टेकून बसलेली दोन माणसं गप्प राहिली. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, आणि ते इथे नवीन आहेत हे मला इथून, माईकजवळून कळलं. आज मला एवढ्यावरच बोलायचं आहे. दोन शब्दांच्या या अभिवादनाने आपण कोण ते ठरतं, आणि दाराशी कोण उभं राहिलं तेही ठरतं.

आपल्या खानदेशात नमस्काराची पद्धत हीच माणसाची पहिली ओळख. धुळ्याहून नंदुरबारला निघालेल्या एसटीत शेजारी येऊन बसणारा माणूस राम राम म्हणतो, जय भीम म्हणतो, सलाम आलेकुम म्हणतो की जोहार, यावर आपण मनातल्या मनात त्याचा निम्मा पत्ता लिहून टाकतो. आपणही जय ख्रिस्त म्हणतो, जय येशू म्हणतो, प्रभूची स्तुती म्हणतो. हे बोलायला कधी कधी धीर लागतो. बाजाराच्या दिवशी, चार लोकांसमोर, मोठ्याने जय येशू म्हणणारा आदिवासी पाड्यावरचा तरुण मी पाहिला आहे. त्याच्या त्या दोन शब्दांत त्याची अख्खी श्रद्धा उभी होती. म्हणून अभिवादनाला कोणी नुसता शिष्टाचार म्हटलं की मला पटत नाही.

आता उपासनेकडे या. पाळक समोर उभे राहून म्हणतात, 'प्रभू तुमच्याबरोबर असो', आणि मंडळी म्हणते, 'तुमच्याबरोबरही असो'. हे वाक्य आलं कुठून? देवळातून नाही, शेतातून आलं. रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. सातूच्या कापणीचा हंगाम आहे. बवाज बेथलेहेमहून शेतावर येतो आणि कापणाऱ्यांना म्हणतो, 'परमेश्वर तुमच्याबरोबर असो'. मजूरही त्याला आशीर्वादाने उत्तर देतात. मालक आधी बोलतो आणि मजूर त्याला आशीर्वाद देतात, हे नीट लक्षात घ्या. कापूस वेचणीला बायका लावणारे आणि वेचणीला जाणारे, दोघंही इथे बसले आहेत. सकाळी बांधावर पहिला शब्द कोणता निघतो, तुम्हीच आठवून पाहा.

आणि त्याच शेतात, कापणाऱ्यांच्या मागे, एक बाई सरवा, म्हणजे कापणीत मागे पडून राहिलेली कणसं, वेचते आहे. तीच रूथ. विधवा, परक्या देशाची, मवाबी. बवाज सलाम करतो तेव्हा ती त्या सलामात धरलेली नाही. पुढच्याच ओळीत तो मुकादमाला विचारतो, ही मुलगी कोणाची? मग तो सरळ तिच्याशी बोलतो. दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यातलं पाणी पी, असं सांगतो. जेवणाच्या वेळी तिला जवळ बोलावतो. आपल्याकडे म्हणतात ना, 'या भाऊ, बठा, पानी ल्या', तसंच. आपण दर रविवारी म्हणतो ते वाक्य ज्या शेतात जन्मलं, त्या शेतात सरवा वेचणारी परकी बाई होती. पुढे ती दाविदाची पणजी झाली आणि मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलं.

आपल्या मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांत 'सलाम' हा शब्द आहे. लहानपणी मला तो परका वाटायचा. पुढे कळलं की सलाम आणि इब्री 'शालोम' एकाच मुळाचे, आणि दोन्हींच्या पोटात शांती आहे. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचताना आपण नावांची यादी समजून पान उलटतो. तसं करू नका. तिथे वीसहून जास्त लोकांना नावानिशी सलाम आहे. प्रिस्किला आणि अक्विला हे जोडपं आहे, रूफ आहे, त्याची आई आहे, आणि तिला पौल माझीही आई म्हणतो. त्यातली काही नावं, अंप्लियात, उर्बान, त्या काळी गुलामांत सर्रास आढळणारी. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं असणार. गुलामाचं नाव मालकांच्या बरोबरीने सगळ्यांच्या कानावर पडलं, तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल!

आपल्याकडे मात्र नावाच्या आधी आडनाव विचारतात. 'कोनता गावना तुम्ही?' यात माया आहे, मी स्वतः रोज विचारतो. पण त्यापाठोपाठ 'आडनाव काय?' येतं, आणि ते कशासाठी येतं हे विचारणाऱ्याला कळतं आणि सांगणाऱ्यालाही. देवाच्या घराच्या दारात हा प्रश्न मला टोचतो. याकोबाने दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला आणि मळकट कपड्यांचा, असे दोघं सभेत येताना दाखवले आहेत. एकाला चांगली जागा, दुसऱ्याला 'तू तिथे उभा राहा'. आपल्याकडे अंगठीचं काम आडनाव करतं.

कोणी म्हणेल, सगळ्यांना असं सामावून घेतलं तर आपली ओळख पुसट होईल. मला तसं वाटत नाही. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी, नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. त्यामुळे टिळकांचं घर कमी ख्रिस्ती झालं का?

उपासनेतल्या शांतीच्या अभिवादनाबद्दल थोडं. दुसऱ्या शतकात, साधारण १५५ च्या सुमाराला, जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे की प्रार्थना झाल्यावर विश्वासणारे चुंबनाने एकमेकांना अभिवादन करत. भारतातल्या कॅथलिक चर्चला १९६९ साली त्याऐवजी हात जोडून अभिवादन करण्याची, किंवा एकाचे हात दुसऱ्याच्या हातांत देण्याची मोकळीक मिळाली. आपल्या गावाकडे सतरंजीवर पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात, तिथे जोडलेले हातच बरे. फक्त हात जोडताना डोळे समोरच्याच्या डोळ्यांकडे असू द्या. चपलांकडे नकोत.

आता माझ्या मंडळीतली गोष्ट. आमच्याकडे सूचनांच्या वेळी 'पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगावं' अशी रीत होती. आम्हाला ते स्वागत वाटायचं. ऊसतोडीहून परतलेली एक बाई लेकराला कडेवर घेऊन पहिल्यांदाच आली होती. सूचना झाली, शंभर डोळे मागे वळले. ती उभी राहिली, पदर तोंडावर ओढला, नाव पुटपुटली आणि शेवटच्या गीताआधी निघून गेली. मी दाराशी होतो. चपला शोधताना तिचा हात थरथरत होता. मी तिला काहीही बोललो नाही. ते मला आजही लागून राहिलं आहे.

ती रीत आम्ही बंद केली. आता नवीन कोणी दिसलं की जवळ बसलेल्याने सरकून जागा करायची, गीताचं पान काढून द्यायचं, आणि उत्तर कसं द्यायचं ते हळूच सांगायचं. मंडळीचे दोन वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, तिच्या पाड्यावर गेले, चहा घेतला, बोलले. ती पुन्हा आली. त्या रविवारी पाळक म्हणाले, 'प्रभू तुमच्याबरोबर असो'. मंडळीचं उत्तर झालं. मग बायकांच्या बाजूने, शेवटच्या रांगेतून, एकटा आवाज उशिरा आला, 'तुमच्याबरोबरही'. पाळक तोवर पुढचं वाक्य सुरू करणार होते. ते थांबले, तिच्याकडे पाहून त्यांनी हात जोडले, आणि मग पहिलं गीत सांगितलं.