सुळ्याची रुंदी

श्रोतेहो, नमस्कार.

आगीत सापडलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, बोटांचे ठसेही उरत नाहीत, तेव्हा न्यायवैद्यक तज्ज्ञ जबड्याकडे वळतात. दातावरचं इनॅमल म्हणजे शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, जवळजवळ 96 टक्के खनिज. 1897 साली पॅरिसमध्ये धर्मादाय बाजाराला भीषण आग लागली. शंभराहून अधिक माणसं दगावली, आणि त्यांतल्या कित्येकांची ओळख पटली ती त्यांच्या दंतवैद्यांकडच्या नोंदींवरून.

पण अशी नोंदच हाती नसेल तर? मग देह स्त्रीचा की पुरुषाचा, याचा अंदाज घ्यायला दात मोजतात. त्यातही खालचा सुळा. त्याचं मूळ लांब आणि भक्कम असतं, त्यामुळे तो सहसा शेवटपर्यंत टिकतो. शेजारच्या दाताला टेकणारी त्याची एक बाजू आणि दुसरी बाजू, यांतलं अंतर व्हर्निअर कॅलिपरनं घेतात. पुरुषांचा सुळा सरासरीनं थोडा रुंद असतो. थोडा म्हणजे किती? मिलिमीटरभरही नाही!

लहान मुलाच्या सांगाड्यावरून मुलगा की मुलगी हे सांगणं फार अवघड, कारण कमरेच्या हाडांत तो फरक वयात येताना उमटतो. कायमच्या सुळ्याचा वरचा भाग मात्र सहा-सात वर्षांपर्यंत हिरडीखाली घडून तयार असतो, आणि एकदा घडला की तो वाढत नाही. दात मोजण्याचं खरं मोल मला इथे दिसतं. त्याच मुलाचं वय हवं असेल, तर कुठल्या दाताचं मूळ कुठवर आलंय ते एक्स-रेवर पाहतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. नुसत्या रुंदीवरून नाव कळत नाही. रुंद सुळ्याच्या स्त्रिया असतात, अरुंद सुळ्याचे पुरुषही. शिवाय प्रत्येक समाजाची सरासरी वेगळी, एका समाजाचे आकडे दुसऱ्याला लावले की निष्कर्ष चुकतो. मोजमापानं शोध आटोक्यात येतो. नाव पक्कं होतं ते जुन्या एक्स-रेमधली फिलिंग, रूट कॅनॉल, मुळांचा आकार जुळल्यावर, किंवा डीएनए जुळल्यावर.

म्हणून जाणता तज्ज्ञ अहवालात ‘बहुधा स्त्री’ असंच लिहितो. त्या ‘बहुधा’बद्दल मला मनापासून आदर आहे. तो शब्द गाळला आणि देह भलत्याच घरी गेला, तर एक घर परक्यासाठी रडतं आणि दुसरं दाराकडे डोळे लावून बसतं.