मागची भिंत

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

पडद्यावर आहे तो फोटो १९८८ सालचा. वडगावातलं घर, खड्ड्याचा माग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग, आणि मागावर बसलेला विणकर. हा फोटो काढला तेव्हा मला त्यात फक्त त्यांचे हात दिसत होते. एक हात धोट्याची, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या लाकडाची, दोरी ओढणारा, दुसरा ते सूत घट्ट बसवणारी फणी ठोकणारा. आज मी हातांबद्दल थोडं बोलणार आहे आणि त्यांच्या मागच्या भिंतीबद्दल जास्त. ती भिंत नीट बघायला मला एकतीस वर्षं लागली.

मी पोस्टमन होतो. शहापूर, वडगाव, खासबाग अशी माझी बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, असायची. कॅमेऱ्यावर मी कधी पोट भरलं नाही. फोटो काढायचे ते रविवारी, नाहीतर सुट्टीच्या दिवशी. पहिला कॅमेरा मामांचा, अग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो यायचे आणि ते बारा मी दोन-दोन महिने पुरवून वापरायचो. मग हप्त्यानं एक जुना पेंटॅक्स के १००० घेतला. त्यात छत्तीस फोटो बसायचे म्हणजे मला दिवाळीच वाटली होती. तरी सवय बाराचीच. आजही बटण दाबण्याआधी मी मनात मोजतो.

पोस्टमनला एक मोठी सोय असते. दार त्याच्यासाठी आधीच उघडलेलं असतं. मनीऑर्डर कुठल्या घरी येते, कुणाचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, कुणाच्या पत्राची आई वाट बघते आहे, हे सगळं ठाऊक असतं. रविवारी मी कॅमेरा घेऊन गेलो तर म्हातारी विचारायची, "अण्णा, आज टपाल न्हाई, मग काय करूलासा इकडं?" मी म्हणायचो, "फोटो काढूलालो आजी." "काढा की मग," एवढंच. ती पुन्हा रहाटावर सुताच्या कांड्या भरायला लागायची. ओळख नसलेल्या माणसाला हे मिळत नाही. कॅमेरा कितीही भारी असू दे.

या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं. मला दारात "बर्री, कूड्री", म्हणजे "या, बसा" म्हणायचे, पाण्याचा तांब्या पुढं करायचे आणि पुढचं सगळं बोलणं मराठीत. बायकोशी कन्नड, मुलांशी दोन्ही. आपल्याकडं यात कुणाला नवल वाटत नाही.

आता उजेडाचं सांगतो, कारण इथं तरुण मुलं-मुली बरीच बसली आहेत. हातमागाची खोली अंधारी. वर कौलं, खिडकी एक, तीही लहान. पण छपरात एक काचेचं कौल बसवलेलं असायचं. त्यातून उजेडाचा चौकोन खाली पडतो आणि सूर्य जसा सरकेल तसा तो खोलीभर फिरतो. सकाळी चुलीजवळ, मग भिंतीवर, मग मागावर. या घरात तो मागावर यायचा साधारण अकराला आणि वीसेक मिनिटं टिकायचा. मला ते कळायला चार रविवार लागले. पहिल्या तीन रविवारी मी नुसता बसून आलो. फ्लॅश माझ्याकडं होता, पण फ्लॅश मारला की खोली सपाट होते. मागाचा खड्डा दिसत नाही, सुताची जाडी कळत नाही.

चारशे एएसएचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा, काळा-पांढरा रोल, लेन्सचं तोंड सगळं उघडलेलं, शटर एक तीसांश सेकंदावर. एवढ्या संथ शटरला धोटा पकडता येत नाही, त्याची नुसती पांढरी रेघ उमटते. हातही हलतो. पण माग वाजतो, आणि तो तालात वाजतो. पावडी म्हणजे पायानं दाबायची फळी. पावडी, धोटा, ठोका. पावडी, धोटा, ठोका. फणी कापडावर आपटते त्या क्षणाला हात थांबतो, अगदी डोळ्याच्या पापणीएवढा. तो ठोका कानानं ओळखून बटण दाबायचं. डोळ्यानं बघून दाबलं तर उशीर झालेला असतो. मी कितीतरी वेळ डोळे मिटून तो ताल ऐकत बसलो होतो. त्यांनी विचारलं, "झोप लागली काय?"

असे फोटो काढत गेलो. निपाणीला मेव्हण्याकडं जायचो तेव्हा बिडी वळणाऱ्या बायका, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. उचगाव, बेकिनकेरेच्या बाजूला रताळ्यांची काढणी, लाल मातीत माखलेले पाय. खानापूरला कौलांचे आणि कुंभारांचे. येळ्ळूरच्या शिवारात भातलावणी, मागं धुक्यात राजहंसगड. म्हैसूरच्या टी. एस. सत्यन यांचे फोटो मासिकांतून बघत होतो. शाळेतली पोरं, बाजारातली बाई, अशी साधी माणसं त्यांनी जन्मभर टिपली. आपलंही असंच काही व्हावं असं वाटायचं. म्हणून मी माणसाच्या जवळ-जवळ जात राहिलो. चेहरा मोठा, हात मोठे, बाकी सगळं बाहेर. चांगला फोटो म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तो पाऊस तुम्हाला सांगायला नको. नाल्याचं पाणी गल्ल्यांत घुसलं, घरांत शिरलं. मागाचे खड्डे पाण्यानं काठोकाठ भरले, त्यात सूत, फण्या, लाकूड सगळं भिजलं. मातीच्या भिंती बसल्या. काही घरं तर भिंत कुठली आणि अंगण कुठलं तेही कळू नये अशी झाली. पाणी ओसरल्यावर बायकांनी ट्रंका उघडल्या तर अल्बमचा एकच लगदा झाला होता. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटलेले, ओढले की चेहऱ्यासकट रंग सुटून येत होता.

जाता जाता सांगतो, कारण पाऊस पुन्हा येणारच. भिजलेले फोटो चिकटलेल्या अवस्थेत वाळू देऊ नका. वाळले की संपलं. बादलीत स्वच्छ गार पाणी घ्या, त्यात ते बुडवून ठेवा, आपोआप सुटे होऊ द्या, मग दोरीला चिमट्यानं टांगा. उन्हात नको, सावलीत. दोन दिवसांच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण गल्लीत कुणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या आठवड्यात घरोघरी पोचेपर्यंत बहुतेकांनी अल्बम उन्हात टाकले होते. याची खंत मला अजून आहे.

माझ्या निगेटिव्हचे डबे माळ्यावर होते, म्हणून वाचले. नऊएक हजार निगेटिव्ह असतील. ही बातमी गल्लीत पसरली आणि लोक घरी यायला लागले.

पहिली आली ती याच विणकरांची लेक. आता तीही पन्नाशीची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर त्या पावसात पडलं होतं. मी मोठ्या कौतुकानं हा फोटो तिच्या हातात ठेवला. मला वाटलं, वडिलांचे हात बघून तिला भरून येईल. तिनं हात बघितले, मान हलवली, आणि मग फोटो खिडकीपाशी नेऊन डाव्या कोपऱ्यात बघत बसली. तिथं भिंतीत एक कोनाडा आहे. आता पडद्यावर बघा, इथं. मी तो कोनाडा फोटोत यावा म्हणून घेतला नव्हता. मागं भिंत होती म्हणून तो आला, आणि तोही अर्धाच. त्यात रॉकेलची चिमणी आहे, एक फणेरी, म्हणजे कुंकू-कंगव्याची, पेटी आहे आणि काचेच्या बांगड्या अडकवलेला खिळा आहे. ती म्हणाली, "आईची पेटी. आईचा एकबी फोटो न्हाई आमच्याकडं, अण्णा. ही पेटी तेवढी." आणि मग विचारलं, "कोनाडा सगळा का घेतला न्हाईसा?"

ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. एक पाऊल मागं सरकलो असतो तर तो सगळा आला असता. मागं जागा होती, मी उंबऱ्याच्या आत होतो.

त्यानंतर जे जे आले ते सगळे कडाच बघत होते. मी मध्ये काय ठेवलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकाला दुसऱ्याच्या लग्नाच्या वरातीमागं स्वतःच्या घराचा दरवाजा सापडला, पडण्याआधीचा. एका बाईला दुसऱ्याच्या बारशाच्या फोटोत तिचा थोरला उभा दिसला, चड्डी सावरत. कपिलेश्वरजवळच्या रेल्वे फाटकाचा माझा एक फोटो आहे, मीटरगेजच्या काळातला. फाटक बंद, सायकली थांबलेल्या, दुधाचे कॅन. मी त्यात दूधवाल्याच्या पगडीवर नेम धरला होता. आज तिथं उड्डाणपूल आहे. लोक पगडी बघतच नाहीत. मागं चहाची टपरी होती ती बघतात, आणि तिथं कोण कोण बसायचं त्याची यादी सुरू होते.

तेव्हापासून मी सगळे निगेटिव्ह पुन्हा काढले आणि फक्त मागच्या भिंती बघत गेलो. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अभ्यास.

या कडांत पाट्याही येतात. दुकानाच्या, दवाखान्याच्या, पिठाच्या गिरणीच्या. काही मराठीत, काही कन्नडमध्ये, बऱ्याच दोन्हींत. मध्यंतरी माझे थोडे फोटो एका देवळाच्या सभामंडपात लावले होते. एक गृहस्थ येऊन हळूच म्हणाले, "त्या बाजूची कन्नड पाटी कापून टाका की, फोटो चांगला दिसंल." त्याच संध्याकाळी दुसरे एक सज्जन आले, तेही तितक्याच अदबीनं, आणि एका फोटोतली मराठी पाटी कशाला ठेवली म्हणाले. मी दोघांनाही नाही म्हटलं. हा सीमाप्रश्न १९५६ पासून आपल्या घराघरात आहे, माझ्याही घरात आहे, आणि माझी मतं मला आहेत. पण फोटोच्या कडेला कात्री लावायची नाही. ज्या दिवशी तिथं जी पाटी होती ती होती. आज मी माझ्या सोयीनं कापलं तर उद्या त्या कोनाड्यातली पेटीसुद्धा कुणीतरी कापेल.

शिवजयंतीचंही तसंच. आपल्याकडं वैशाखात चित्ररथांची मिरवणूक निघते आणि पहाटेपर्यंत चालते. हजारो फोटो निघतात, सगळे समोरून. महाराज, मावळे, रोषणाई. तुम्ही पहाटे चारला मागच्या बाजूनं जाऊन बघा. जनरेटर ढकलणारी पोरं, ट्रकच्या फळीवर ढाल उशाला घेऊन झोपलेला आठ वर्षांचा मावळा, त्याच्या मिशा गालावर पसरलेल्या, आणि त्याच्या पायांवर शाल टाकणारी आई. हा पुढचा फोटो. माझ्या सगळ्या फोटोंत मला हा एक फार आवडतो.

तर फोन हातात असणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. तुमच्याकडं बारा फोटोंची मर्यादा नाही, मग घराचे फोटो घ्या. समारंभाचे तर निघतातच, पण स्वयंपाकघराचे घ्या. मांडणी, गॅसजवळची भिंत, दाराच्या मागं अडकवलेल्या पिशव्या. आजीचा फोटो घेताना एक पाऊल मागं सरका. मागचं सगळं धूसर करायची सोय फोनमध्ये असते, ती बंद करा. तिनं कोनाडा पुसला जातो. वर्षातून पंचवीस-तीस फोटो तरी कागदावर छापून घ्या आणि मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. नाव, गल्ली, साल. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तर तो पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा. बॉलपेननं फोटोमागं दाबून लिहू नका, पुढून वळ उठतो. डबा माळ्यावर ठेवा, खाटेखाली नको. आत सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर हलके तापवले तर पुन्हा निळे होतात. आपल्या पावसाळ्यात लेन्सलाही कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. माझ्या दोन लेन्स तशाच गेल्या.

आता शेवटचा फोटो. खडेबाजारातला, १९९३ चा, शनिवारचा. मध्ये भाजीवाली आहे, तिचं नाव माझ्याकडं लिहिलेलं आहे, तिच्या नातवाला कॉपीही दिली. पण उजव्या कडेला बघा. सायकलच्या टायरमध्ये काठी घालून उभा असलेला मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, अर्धा फोटोच्या बाहेर. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, डाव्या भुवईवर खूण. तीन वर्षं मी विचारतो आहे. आज तो चाळिशीचा असेल, कदाचित याच सभागृहात असेल. दिवे लावले तरी हा फोटो पडद्यावर राहू द्या. जाताना जवळ येऊन एकदा बघा आणि कुणाला ओळख पटली तर मला सांगा. मी इथंच, दाराशी उभा आहे. त्याच्यासाठी कॉपी काढून आणली आहे.