घराचं पावित्र्य आणि तंबाखूची पानं

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: 'औद्योगिक अमेरिकेतील शहरे, स्थलांतर आणि श्रमिक जीवन'. एवढ्याला एक संध्याकाळ पुरायची नाही. म्हणून मी तुम्हाला एका खोलीत घेऊन जातो. बाकीचं जमेल तेवढं तिथूनच बघू.

खोली न्यूयॉर्कमधली, साल १८८२च्या सुमाराचं. आत तीन पुरुष, दोन बायका आणि काही मुलं. तंबाखू सगळीकडे पसरलेला, अंथरुणाला लागून, उरल्यासुरल्या अन्नाशेजारी. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत सगळ्यांनी मिळून सिगार वळायचे, तिथेच जेवायचं, तिथेच आडवं व्हायचं. माणसं बोहेमियातून आलेली, म्हणजे आजच्या चेक देशातली. इंग्रजीचा गंध नाही. एका मुलाला थोडंफार येत होतं, तोच सगळ्यांचा दुभाष्या. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या आईचा हात धरून दवाखान्यात गेलेली आणि डॉक्टरांना तिचं दुखणं मराठीत सांगितलेली मंडळी इथेही असतील. त्यांना या मुलाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

खोली बघायला आला होता थिओडोर रूझवेल्ट. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. तेव्हा तेविशीचा, श्रीमंत घरातला, राज्याच्या विधिमंडळात नवखा. सोबत सॅम्युअल गॉम्पर्स, लंडनमध्ये जन्मलेला, डच ज्यू घरातला, स्वतः सिगार वळून पोट भरणारा आणि कामगार संघटनेचा पुढारी. राहत्या घरात सिगार बनवायला बंदी करावी, असं विधेयक गॉम्पर्सच्या मंडळींनी आणलं होतं. सरकारनं धंद्यात लुडबुड करू नये, या शिकवणीत वाढलेला रूझवेल्ट त्याच्या विरोधात होता. गॉम्पर्सनं त्याला अशा खोल्या दाखवल्या आणि त्याचं मत फिरलं. वरचं वर्णन त्याच्याच आत्मचरित्रातलं आहे.

आता ही खोली अशी का, ते बघा. न्यूयॉर्कमधला नेहमीचा भूखंड २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब. एका कुटुंबाच्या घराला ठीक. पण बोटी भरभरून माणसं यायला लागल्यावर त्याच तुकड्यावर पाच-सहा मजली इमारती उठल्या, भिंतीला भिंत लावून. उजेड फक्त पुढच्या आणि मागच्या खोलीत. मधल्या खोल्यांत भरदुपारी दिवा. (ही माणसं न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, स्थलांतरितांना तपासून आत घेणाऱ्या सरकारी केंद्रात, उतरली असतील असं तुम्हाला वाटेल, पण ते केंद्र १८९२ साली उघडलं. त्याआधीची माणसं मॅनहॅटनच्या टोकावरच्या कॅसल गार्डनमधून आली. छायाचित्रं एलिसची जास्त, म्हणून तेवढंच लक्षात राहतं.)

१८७९ साली कायदा झाला की झोपायच्या प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी. घरमालकांनी तोड काढली. दोन इमारतींच्या मध्ये, पोटाशी चिमटा काढल्यासारखी, एक अरुंद पोकळी सोडली, म्हणजे झाली खिडकी. पण त्या बोळकांडीतून वारा कसला येणार? वरच्या मजल्यावरून कचरा खाली पडायचा, तो काढायला कुणी जायचं नाही, खिडकी उघडली की दुर्गंधी. आणि आग लागली की तीच पोकळी धुराड्यासारखी जाळ वर ओढायची. कायद्याचं अक्षर पाळून कायद्याचा जीव कसा घ्यावा, याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं माहीत नाही. १९०१च्या कायद्यानं नव्या इमारतींत खरं मोकळं अंगण सोडायला लावलं, तोवर बावीस वर्षं गेली होती.

परत सिगारकडे. आधी हे काम कारखान्यात बसणाऱ्या कसबी कारागिरांचं. गॉम्पर्सनं तिथलं जे वर्णन केलंय ते मला फार आवडतं. हात कामात, कान मोकळे. म्हणून एकानं वर्तमानपत्र किंवा पुस्तक मोठ्यानं वाचायचं. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे आपल्या वळलेल्या सिगारमधून त्याला वाटा द्यायचे. मग १८७०च्या आसपास लाकडी साचा आला. साच्यात दाबलं की शिकाऊ हातालाही सिगार जमायला लागला, आणि मालकाला कारागिराची गरज उरली नाही. त्यानं चाळवजा इमारतीच विकत घेतल्या किंवा भाड्यानं घेतल्या, आणि आलेल्या बोहेमियन कुटुंबांना खोली आणि काम एकदमच दिलं. म्हणजे मजुरी देणारा आणि भाडं घेणारा हात एकच. १८७७ साली हजारो सिगार कामगार संपावर गेले तेव्हा याचा अर्थ कळला: मालकांनी संपकऱ्यांना घराबाहेर काढलं. हिवाळ्याच्या तोंडावर. संप फुटला.

म्हणून कायद्याची धडपड. पहिला कायदा तांत्रिक चुकीवर पडला, दुसरा १८८४ साली झाला. त्याखाली पीटर जेकब्स नावाच्या कामगाराला अटक झाली, आणि जानेवारी १८८५मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं कायदाच रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं: सिगार कामगाराला त्याच्या घरातून, घराच्या पवित्र संस्कारांतून आणि हितकर वातावरणातून ओढून काढून दुसरीकडे धंदा करायला लावल्यानं त्याचं आरोग्य किंवा नीती कशी सुधारणार, ते समजत नाही.

पवित्र संस्कार! अंथरुणाशेजारच्या तंबाखूत.

तरी न्यायाधीशांना निव्वळ ढोंगी म्हणू नये. जेकब्सचं घर सात खोल्यांचं होतं, सिगारचं काम एकाच खोलीत चालायचं, बाकी घरात वास नव्हता. समोर आलं ते हे घर, रूझवेल्टनं पाहिलेली खोली नव्हे. पण कायदा ज्यांच्यासाठी होता त्यांचं घर न्यायालयात पोचलंच नाही, ही गोष्ट मला निकालापेक्षा जास्त खटकते. गॉम्पर्सनं वेगळा धडा घेतला. कायदा पडल्यावर संघटनेनं संप आणि आंदोलनं करून मालकांना इतकं हैराण केलं की घरात काम देणं त्यांना परवडेना. जे कायद्यानं मिळालं नाही ते जोरावर मिळवलं, असं तो अभिमानानं सांगतो. पुढे अमेरिकेतल्या सर्वांत बलाढ्य कामगार महासंघाचा तो अध्यक्ष झाला आणि कायद्यांवर त्याचा विश्वास कायम कमीच राहिला.

मग घरातून कारखान्यात गेलं की सुटका? १८८१नंतर रशियातल्या दंगलींना कंटाळून ज्यू आले, दक्षिण इटलीतून शेतकरी आले. त्यांच्या मुली शिवणकामाच्या उंच, उजेडाच्या कारखान्यांत जायला लागल्या. २५ मार्च १९११, शनिवार, सुटायची वेळ. न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल या कपडे शिवणाऱ्या कंपनीच्या आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, कारण मुली कापड चोरतील अशी मालकांना शंका. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच. १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. इमारत अग्निरोधक होती आणि खरोखरच टिकली. आज तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. मालक निर्दोष सुटले. रस्त्यावरून हे पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ साली देशाच्या मजूर मंत्री झाल्या.

आणि घरचं काम संपलंच नव्हतं. विजारींचे गठ्ठे, कागदी फुलं, सोलायचे अक्रोड, सगळं इटालियन बायकांच्या स्वयंपाकघरात जातच राहिलं.

शेवटचं एक सांगतो, मग प्रश्न घेऊ. आपल्याकडे विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला. त्यात घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार धरली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले: घरी वळणारी बाई आमची नोकर कशी? १९७४ साली न्यायालयानं कायदा उचलून धरला. जेकब्सच्या निकालानंतर एकोणनव्वद वर्षांनी. घर हे कामाचं ठिकाण असू शकतं आणि तिथेही मालकाची जबाबदारी पोचते, हे कागदावर आलं. त्यानंतर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या हातात त्यातलं किती पडलं, नापास ठरवून विड्या छाटात किती गेल्या, हे मी सांगण्यात अर्थ नाही. मागच्या रांगेत बसलेल्या मावशींना माझ्यापेक्षा बरंच जास्त माहीत आहे. पहिला प्रश्न त्यांचा.