परक्या देशातली राणी आणि बीबीसीचं 'हेन्री द एट्थ'

नमस्कार मंडळी.

शेक्सपिअर म्हटलं की आपल्या तोंडी हॅम्लेट, ऑथेल्लो, फार तर मॅकबेथ. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यावरच्या 'हेन्री द एट्थ'चं नाव सहसा निघत नाही. निघालंच तर ग्लोब थिएटरच्या आगीपुरतं. २९ जून १६१३ रोजी याच नाटकाच्या प्रयोगात तोफेचा बार उडवला, ठिणगी गवती छपरावर पडली आणि बघता बघता सगळं थिएटर जळून गेलं. शिवाय नाटक शेक्सपिअरने एकट्याने लिहिलेलं नाही, त्यात त्याच काळातला नाटककार जॉन फ्लेचर याचाही हात आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणूनही ते जरा मागे पडलं. एकोणिसाव्या शतकात ते रंगभूमीवर गाजलं, पण मिरवणुका आणि भरजरी पोशाखांसाठी.

बीबीसीने १९७८ ते १९८५ या काळात शेक्सपिअरची ३७ नाटकं टीव्हीसाठी केली. त्यातलं हे फेब्रुवारी १९७९ मध्ये दाखवलं गेलं. दिग्दर्शक केव्हिन बिलिंग्टन यांना दिखाऊ थाटमाट नको होता. मालिकेतली जवळजवळ सगळी नाटकं स्टुडिओत झाली, हे मात्र इंग्लंडच्या आग्नेय भागातल्या केंटमधल्या खऱ्या वास्तूंमध्ये चित्रित झालं: हीव्हर कॅसल, पेन्सहर्स्ट प्लेस आणि लीड्स कॅसल. (लीड्स कॅसल केंटमध्येच आहे. लीड्स शहराशी त्याचा संबंध नाही, नाहीतर कुणीतरी उत्तरेकडे गाडी काढायचं.) हीव्हर म्हणजे हेन्रीची दुसरी राणी अॅन बोलिन हिचं माहेर. पेन्सहर्स्ट ड्यूक ऑफ बकिंगहॅम या बड्या सरदाराचं. त्याने तिथे १५१९ साली हेन्रीची बडदास्त ठेवली आणि दोनच वर्षांत त्याच हेन्रीने त्याचा शिरच्छेद करवला. नाटकात बकिंगहॅम वधस्तंभाकडे जाताना बोलतो, ते हे माहीत असल्यावर फार लागतं. चित्रीकरण हिवाळ्यात झालं, त्यामुळे बोलताना काही ठिकाणी नटांच्या तोंडून वाफ निघताना दिसते. त्या दगडी भिंतींचा गारठा स्टुडिओत आणता आला नसता.

पण मी हे नाटक तुमच्यापुढे आणतोय ते हेन्रीच्या पहिल्या राणीसाठी, कॅथरिनसाठी. ती भूमिका क्लेअर ब्लूम यांनी केली आहे.

कॅथरिन स्पेनची राजकन्या. १५०१ साली ती इंग्लंडला आली ती हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर याची वधू म्हणून. काही महिन्यांतच तो वारला. १५०९ मध्ये तिचं हेन्रीशी लग्न झालं. १५१३ साली तो फ्रान्सच्या मोहिमेवर असताना राज्याचा कारभार तिच्या हाती होता, आणि त्याच काळात फ्लॉडनला स्कॉटिश फौजेचा पाडाव झाला. मुलं झाली, त्यातली जगली एकटी मेरी. आणि वीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला वाटू लागलं की भावाच्या विधवेशी केलेलं हे लग्न मुळात धर्माला धरून नव्हतंच.

१५२९ साली लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सला याची चौकशी बसली. (पुढे त्याच वास्तूत शेक्सपिअरच्या मंडळींचं नाट्यगृह होतं!) नाटकात राणी न्यायाधीशांकडे बघतही नाही. थेट राजासमोर जाऊन गुडघे टेकते. म्हणते, मी तुमच्या राज्याबाहेर जन्मलेली, परकी बाई. इथे माझ्या बाजूचा किंवा निःपक्षपाती असा एकही न्यायाधीश नाही. वीस वर्षं तुमची बायको म्हणून राहिले, माझं काय चुकलं ते सांगा. मग राजाचा मंत्री आणि इथला एक न्यायाधीश असलेल्या कार्डिनल वूल्झीला तोंडावर सांगते की तू माझा न्यायाधीश होऊ शकत नाहीस, तू माझा वैरी आहेस. आणि चालू कोर्टातून निघून जाते. मागून पुकारा होतो, ती वळत नाही. रंगमंचावर हा प्रवेश शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर आवाज चढवावाच लागतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की ती गरज उरत नाही. टीव्हीने या नाटकाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते.

याहून मला जवळचा वाटतो तो पुढचा प्रवेश. राणी आपल्या बायकांबरोबर हातकाम करत बसली आहे. दोन कार्डिनल, म्हणजे चर्चचे बडे धर्मगुरू, येतात आणि आतल्या खोलीत चला म्हणतात. ती म्हणते, इथेच बोला, कोपऱ्यात सांगावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. वूल्झी लॅटिनमध्ये सुरुवात करतो. ती त्याला तिथेच अडवते: लॅटिन नको. ज्या देशात मी राहिले तिथली भाषा न शिकण्याइतकी मी आळशी नाही. या बायकांनाही कळू दे, इंग्रजीत बोला.

इथे बसलेल्या किती मावश्यांनी बँकेत, शाळेत, दवाखान्यात हे अनुभवलं असेल! आपल्याशी बोलायचं सोडून शेजारी उभ्या मुलाशीच बोललं जातं. आपण घरी येऊन चरफडतो. चारशे वर्षांपूर्वीच्या या नाटकात एक परदेशातून आलेली सून तिथल्या तिथे उत्तर देते, शांतपणे, आणि त्या देशाच्याच भाषेत.

नाटकात खोट आहे. शेवट म्हणजे अॅनची मुलगी एलिझाबेथ हिच्या बारशाचा सोहळा आणि तिच्या भावी कीर्तीची भरभरून स्तुती, तो कंटाळवाणा आहे. इतिहासही वाकवलेला आहे. कॅथरिन १५३६ साली वारली, पण नाटकात १५३३ च्या त्या बारशाआधीच तिला मृत्यू येतो. ऐतिहासिक नाटकांवर वाढलेल्या आपल्याला अशा उलटापालटीचं नवल नाही. मला तो बदल खटकतो, कारण जिच्यावर अन्याय झाला ती सोहळ्याआधीच सोयीस्करपणे दूर होते.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात नाचगाण्यांमध्ये अर्धा तास काढावा आणि हे दोन प्रवेश आपण मराठीत वाचावेत. भाषांतराचा कच्चा खर्डा मी करून आणतो. वाचायला जे तयार असतील त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. कॅथरिनसाठी मला पन्नाशीच्या पुढची वाचक हवी आहे.