रतीबाच्या वहीची मागची पानं

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेला जो तो एक वाक्य हमखास बोलून जायचा. "घरचं सगळं सांभाळून किती वाचायच्या हो!" मी मान डोलवायची. दिवसच तसे होते, वाद कुठे घालणार? पण आज माइकसमोर बसायला मिळालंय, तर सांगून टाकते. हे काही खरं नाही. त्या वाचायच्या, आणि वाचता वाचता जमेल तसं घर सांभाळायच्या. आमच्याकडे दूध उतू जायचं. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मुलांकडे होतं. आणि एवढं असून त्यांच्या तिन्ही मुलांना, पुढे नातवंडांना, आपल्याकडे आईचं किंवा आजीचं लक्ष नाही असं कधी वाटलं नाही. कसं वाटलं नाही, याचा पुरावा माझ्याकडे आहे. त्याच्याकडे येतेच.

मी सांगलीची. १९८४ साली लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आले. सासूबाई पुण्यातच जन्मल्या, पुण्यातच शिकल्या. शाळा हुजूरपागा. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथं होती तिथं उभी राहिलेली, १८८४ सालापासूनची मुलींची शाळा. तिथून त्या अकरावी मॅट्रिक झाल्या आणि पुढे लग्न झालं. कॉलेज राहिलं. तो विषय निघाला की त्या उठून काहीतरी निवडायला घ्यायच्या.

बुधवार पेठेतून जाताना मात्र त्यांचं एक ठरलेलं भाषण असे. भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, आणि पुणे नगर वाचन मंदिर सुरू झालं तेही १८४८ सालीच. मुलींची शाळा आणि वाचनालय एकाच गावात, एकाच वर्षी! मग पुढचा प्रश्न. "पण त्या वाचनालयात पहिली बाई कधी गेली गं?" नातवंडं तोपर्यंत पुढच्या चौकात पोचलेली असत. उत्तर द्यायला मी एकटी उरायची, आणि मला ते येत नसे.

आता पुरावा. दुधाचा रतीब लिहायची एक लांबट वही तेव्हा प्रत्येक घरात असायची. आमच्याकडेही होती. पुढच्या बाजूनं दूध: सकाळी एक लिटर, संध्याकाळी अर्धा, आज आला नाही, आज पाणी जास्त. ती वही उलटी करून मागच्या बाजूनं सासूबाईंनी पुस्तकांचा हिशेब ठेवला होता. तारीख, पुस्तकाचं नाव, आणि एक शेरा. दूध आणि पुस्तकं मधे कुठेतरी समोरासमोर आली की वही संपली. मग नवी.

या वह्या आम्ही नंतर काढून बसलो. शेरे असे आहेत: "शेवट घाईत उरकलाय." "पहिली शंभर पानं बरी. पुढे लेखक दमला, मीही." "नायिका फार रडते. नळाला पाणी नसताना हे वाचवत नाही." लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राची नोंद वेगवेगळ्या वह्यांत पुन्हा पुन्हा येते, आणि एका ठिकाणी लिहिलंय, "ही बाई आमच्या माजघरात हवी होती." लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरातच. याचा सासूबाईंना त्यांच्या लेखणीइतकाच अभिमान होता.

आणि मधेच एक ओळ: "धाकट्याला गोवर. पान ४२." त्याच्या पुढे मागची बाजू कोरी. वही उलटून पुढे पाहिलं तर तेवढ्या दिवसांत दूध वाढवलेलं दिसतं, सकाळीही आणि संध्याकाळीही. मग एके दिवशी मागे, "गोवर गेला. पान ४३." माझी मुलगी झाली त्या तारखेला लिहिलंय, "नात. वाचन नाही." दुसऱ्या दिवशी, "नात निजली तेवढ्यात वीस पानं." माझे मिस्टर, म्हणजे तो गोवरवाला धाकटा, आता साठी उलटलेले गृहस्थ. ती ओळ वाचून उठले आणि गच्चीवर जाऊन आले. त्या घरात आम्ही सगळेच दूध आणि पुस्तकं यांच्या मधल्या पानांवर वाढलो, दुसरं काय.

पुण्यातल्या एका पिढीचा कुठलाही किस्सा पानशेतशिवाय पुरा होत नाही, तसा हाही होत नाही. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. सासूबाई तेव्हा नव्या नवरी. वाड्यात त्यांची बिऱ्हाडाची जागा तळमजल्यावर. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे पर्वतीकडे धावले. परत आले तेव्हा घरात चिखल, आणि माहेरून आलेल्या ट्रंकेत पुस्तकांचा लगदा. सासूबाईंनी स्वेटरच्या सुईनं एकेक पान सोडवायला घेतलं. पानांमधे रद्दी घालायची, ती भिजली की बदलायची, पुस्तक उन्हात ठेवायचं नाही, वाऱ्यावर ठेवायचं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "लोकांची भांडीकुंडी गेली आणि ही कागद वाळवतेय." गुळगुळीत कागदाची पुस्तकं गेली ती गेलीच, त्या कागदावरचा लेप ओला झाला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. साध्या खरखरीत कागदाची बरीचशी वाचली. तेव्हापासून चकचकीत छपाईचं पुस्तक कुणी भेट दिलं की त्या बोटानं चोळून बघत आणि म्हणत, "छान आहे. पुरात टिकणार नाही."

वाचलेल्यांपैकी एक आजही घरात आहे. त्याच्या प्रत्येक पानावर, मधोमध, एक तपकिरी रेघ आहे. रेघेच्या खालचा कागद हाताला जाड लागतो, वरचा नेहमीसारखा. माझा मुलगा लहानपणी त्याला, नदीच्या नावानं, "मुठेचं पुस्तक" म्हणायचा.

जून महिना हा त्यांचा सण. अप्पा बळवंत चौकात जाऊन मुलांची जुनी पाठ्यपुस्तकं निम्म्या किमतीत आणायची आणि मराठीचं पुस्तक मुलाच्या हातात पडायच्या आत स्वतः वाचून काढायचं. मग कव्हरं. कणकेची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याला घरात दुसरा कुणी हात लावायचा नाही. कपाटात फडक्यात बांधलेलं वेखंड. पुस्तकांच्या बाबतीत ही बाई इतकी काटेकोर, आणि मीठ विसरायची!

वाचनालयाची फेरी मंडईला जोडून. जाताना पिशवीत पुस्तक, येताना नवं पुस्तक तळाशी आणि वर मेथीची जुडी. काउंटरवरचे काका एकदा म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून आलेलं पुस्तक वासावरून ओळखू येतं." दिवाळी अंकांच्या योजनेत नाव घालायचं ते ऑगस्टमध्येच. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचं सगळं आपण चुकवलंय अशा घाईनं त्या दर वर्षी अंकांवर तुटून पडत. यांना आधी राशिभविष्य हवं असायचं, मला पाककृती, आणि अंक चार दिवसांत परत करायचा. यावरून झालेली भांडणं रेडिओवर सांगण्यासारखी नाहीत.

आणि माझं म्हणाल, तर मला वाचनाचं वेड नव्हतं. आजही बेताचंच. सासूबाईंनी कधी "वाच" म्हटलं नाही. मी पोळ्या लाटत असले की स्टूल ओढून ओट्याशी बसायच्या आणि मोठ्यानं वाचायला लागायच्या. शेजारणी हळहळायच्या, सून राबते आणि सासू कादंबरी वाचते. दिसायला तसंच दिसत होतं! पण एखादं प्रकरण रंगात आलं की मी मुद्दाम दोन पोळ्या जास्त लाटायची, हे शेजारणींना कुठे ठाऊक? आमच्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा एवढा का व्हायचा, त्याचं कारण हे.

नातवंडं इंग्रजी शाळेत गेली. त्यावर त्यांनी एक दिवस अबोला धरला, एकच. मग नातवाला वाचनालयात पिटाळायला सुरुवात केली, चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून. मराठी आकडे वाचायची त्याला सवय नाही, तो भलतंच काही उचलून आणायचा. त्या ते परत पाठवत नसत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. शिकारीच्या गोष्टी, रेडिओ दुरुस्ती, मधुमेहींचा आहार. वहीत शेरा, "रेडिओ दुरुस्ती. चित्रं स्पष्ट." पुढे त्याला आकडे नीट कळू लागले. तरी तो मधूनमधून मुद्दाम चुकायचा, असा माझा दाट संशय आहे.

शेवटची काही वर्षं नजर गेली. मोतीबिंदू काढून झाले होते, पण पडदाच अधू झाला. नातीनं फोनवर बोलती पुस्तकं लावून दिली. दोन दिवस ऐकून म्हणाल्या, "बंद कर गं. हा वाचत नाही, नाटक करतोय." मग नातवंडांच्या पाळ्या लागल्या. अडखळत, "बाळ"चा "बाल" करत वाचायची ती. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि फक्त 'ळ' आला की एक डोळा उघडायच्या.

त्या गेल्यावर पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न आला. काही नातवानं नेली, काही नातीनं, काही एका छोट्या वाचनालयाला दिली; त्यांनीही निवडून घेतली, सगळी नाही. ते ठीकच आहे. पण शेवटच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत एक यादी निघाली. उसनी गेलेली पुस्तकं, नेणाऱ्याचं नाव, तारीख. सासूबाई लग्नाच्या पंगतीतही माणसाला गाठून पुस्तक मागायच्या, तरी ही राहिलीच. नावं मी इथं वाचत नाही, पेठेची अब्रू आहे. पण श्रोतेहो, तुमच्या कपाटात खाकी कव्हराचं, आतल्या पानावर जांभळ्या शाईत तारीख घातलेलं, वेखंडाचा वास येणारं एखादं पुस्तक असेल, तर ते आमचं आहे. आणून द्या. चहा मिळेल. दुपारी एक ते चारमध्ये आलात तरी चालेल.