हेरांचा सन्मान आणि बंद फायली

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, हेर म्हटलं की मराठी माणसापुढे आधी बहिर्जी नाईक उभे राहतात. सुरतेत केवढी संपत्ती आहे याची बातमी त्यांनी महाराजांना आणून दिली, असं बखरकार सभासद सांगतो. पण बखरीतल्या त्यांच्याविषयीच्या ओळी मोजक्याच. वेष पालटून शत्रूच्या दरबारात शिरण्याच्या ज्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकांना समकालीन कागदाचा आधार नाही. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. कागद नव्हते, म्हणून आपण गोष्टी रचल्या. सतराव्या शतकाबाबत ते समजू शकतं. आजच्या अधिकाऱ्यांबाबतही आपण तेच करतो, ही माझी आजची तक्रार आहे.

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. देशभर संचलनं होतात, हुतात्म्यांची नावं वाचली जातात. हा दिवस आला कुठून? १९५९ साली लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ टेहळणीला गेलेले काही पोलीस जवान परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शोधात तुकडी निघाली. चिन्यांनी उंचावरून गोळीबार केला, दहा जवान मारले गेले, काही कैद झाले. मृतदेह परत मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्या तुकडीचं नेतृत्व करत होते करमसिंग, आणि ते इंटेलिजन्स ब्यूरोचे, म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या आयबीचे अधिकारी होते. हे किती भाषणांत ऐकलंत? चिन्यांनी त्यांना पकडलं आणि कैदेत त्यांचा छळ झाला. त्याबद्दल भारत सरकारनं पुढे चीनकडे निषेधही नोंदवला. म्हणजे या प्रकरणात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी लोकांच्या आठवणीत पोलीस राहिले, गुप्तचर अधिकारी मागे पडला. मुद्दाम कुणी केलं नसेल. गुप्तचराचं नाव घ्यायचं नसतं, ही सवयच इतकी मुरलेली आहे.

अमेरिकेचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या सीमेपासून फार लांबचं नाही. सीआयए या त्यांच्या गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयात, कामावर मरण पावलेल्यांसाठी, संगमरवरी भिंतीवर तारे कोरलेले आहेत. १९७४ मध्ये ते पहिल्यांदा कोरले तेव्हा एकतीस होते, आता शंभराच्या पुढे गेले आहेत. खाली काचेच्या पेटीत एक वही असते. ज्यांचं नाव सांगता येतं त्यांचं नाव ताऱ्यापुढे लिहिलेलं, बाकीच्यांपुढची जागा कोरी. पहिला तारा डग्लस मॅकियरनन यांचा. चीनच्या शिनच्यांगमधल्या उरुमचीत ते अमेरिकेचे उपवाणिज्यदूत म्हणून वावरत होते. साम्यवादी फौजा जवळ आल्यावर वाळवंटं आणि पठारं ओलांडत तिबेटच्या सीमेपर्यंत पोचले, आणि १९५० च्या एप्रिलमध्ये तिबेटी पहारेकऱ्यांच्याच गोळ्यांना बळी पडले. त्यांना येऊ द्या, हा ल्हासाचा निरोप चौकीवर वेळेत पोचला नव्हता. त्यांचं नाव त्या वहीत आलं ते २००६ मध्ये. छप्पन्न वर्षं लागली, पण कोरी ठेवलेली जागा एक दिवस भरायची आहे, हे त्या संस्थेनं मानलं होतं. सीआयएच्या कारवायांबद्दल माझी मतं काही फार गोड नाहीत, पण ही रीत मला पटते.

ब्रिटननं मात्र उशीर केला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संकेत उलगडणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९७० च्या दशकापर्यंत त्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. नवऱ्यालाही सांगायचं नाही. सरकारनं त्यांच्यासाठी स्मृतिचिन्ह काढलं ते २००९ मध्ये, आणि तेही हयात असलेल्यांना.

आता आपल्याकडे वळू. आयबीची मुळं १८८७ पर्यंत जातात. परदेशातली हेरगिरी पाहणारी रॉ १९६८ च्या सप्टेंबरात रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली उभी राहिली. या दोन्ही संस्थांसाठी संसदेनं केलेला स्वतंत्र स्थापना-कायदा आजही नाही. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी काय करू नये, याचा कायदा मात्र १९८५ पासून आहे : संघटना काढायची नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ नं, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, दोन्ही खाती कायद्याबाहेर ठेवली. २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलले. निवृत्तीनंतरही खात्याच्या कामाविषयी परवानगीशिवाय लिहिलं तर पेन्शन अडकू शकतं. यातली काही बंधनं आवश्यक आहेत. खबऱ्यांचे जीव त्यांवर अवलंबून असतात. पण जो बोलू शकत नाही त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं, ती जबाबदारी कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मान अजिबात मिळत नाही असं नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या पोलीस पदकांच्या यादीत आयबीचीही नावं असतात. २०१८ मध्ये गृहखात्यानं असाधारण आसूचना कुशलता पदक सुरू केलं. पण १९९० च्या सुरुवातीच्या आठवड्यांत काश्मीर खोऱ्यात आयबीचे अधिकारी एकामागून एक टिपले गेले, ते आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? त्यांतले काही स्थानिक होते. बदली मागून निघून जाणं त्यांना जमलं असतं की नाही, हेही आपल्याला माहीत नाही. सिनेमातल्या हेराची पिस्तुलं मात्र पाठ आहेत!

अधिकाऱ्यापेक्षा वाईट अवस्था त्यानं कामाला लावलेल्या माणसाची. अधिकाऱ्याला निदान हुद्दा असतो, पेन्शन असतं. राजस्थानातल्या एका माणसाचा खटला ऐका. रेल्वे टपाल सेवेत कर्मचारी. त्याचं म्हणणं असं, की गुप्तचर खात्यानं मला पाकिस्तानात पाठवलं, १९७६ मध्ये मी पकडला गेलो आणि चौदा वर्षांची शिक्षा झाली. इकडे टपाल खात्यानं कामावर गैरहजर म्हणून नोकरीवरून काढून टाकलं. सरकार म्हणालं, या माणसाशी आमचा संबंध नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला दहा लाख रुपये सानुग्रह द्यायला सांगितले, तेव्हा तो पंचाहत्तरीत होता. त्याचा दावा खरा की खोटा, यावर मात्र न्यायालयानं मत दिलं नाही. मला यातला निकाल फार बोलका वाटतो. पैसे मिळाले, मान्यता नाही. परदेशात पकडलेल्या माणसाला सरकार त्या क्षणी ओळखणार नाही, हा या धंद्याचा नियमच आहे आणि तो मी मोडा म्हणत नाही. पण माणूस घरी परतल्यावर तीस वर्षांनीही बंद दाराआड एखाद्या समितीला खातरजमा करता येऊ नये?

सन्मानाच्या नावाखाली प्रश्नच विचारू नयेत, असं काहींना वाटतं. मला ते मान्य नाही. आणीबाणीत आयबीचा राजकीय वापर झाला, हे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलंच होतं. कागद उघडले तर चुका दिसतील, तशी कामंही दिसतील. आज दोन्ही दिसत नाहीत. पंचवीस वर्षांवरच्या सरकारी कागदांनी राष्ट्रीय अभिलेखागारात जावं, असे नियम आपल्याकडे १९९७ पासून आहेत. गोपनीय शिक्का काढायचा की नाही ते मात्र खात्याच्या मर्जीवर. ब्रिटनच्या एमआय-५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेनं शताब्दीच्या वर्षी, २००९ मध्ये, बाहेरच्या इतिहासकाराला फायली दाखवून अधिकृत इतिहास लिहून घेतला. पुढच्याच वर्षी परदेशात काम करणाऱ्या एमआय-६ नंही तसं केलं, पण १९४९ पर्यंतचाच. चालेल, कुठेतरी रेघ ओढली ना!

आपण ती रेघ बांगलादेश युद्धाच्या साली, १९७१ वर ओढू. त्या साली तिशीत असलेला अधिकारी आज ऐंशी ओलांडून गेला आहे. खात्यानं स्वतःची माणसं पाठवून या वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि हव्या तितक्या वर्षांसाठी कुलपात ठेवाव्यात. प्रश्न साधे असू देत : कोणत्या चौकीवर होतात, हिवाळ्यात रसद कशी यायची, निरोप कोण पोचवायचं, पकडलेल्या खबऱ्याच्या घरी पैसे कोण देऊन यायचं. यातलं बरंचसं फायलींतही नसेल.