हवालदार, सोनं आणि सरकारी तिजोरी

(पडद्यावर: रेल्वे स्थानकाचं रेखाचित्र, रात्रीची वेळ)

सप्टेंबर १९४७. फाळणीला जेमतेम महिना झालेला. अमृतसरचा एक सराफ सोनं-चांदी विकायला मेरठला येतो. गाडीतून उतरेपर्यंत मध्यरात्र होते. चौपला बाजारातून जाताना तीन पोलीस शिपाई त्याला अडवतात, झडती घेतात आणि कोतवालीत नेतात. त्याच्याजवळ १०३ तोळे सोनं आणि दोन मणांहून जास्त चांदी आहे. माल चोरीचा असावा, असा पोलिसांचा संशय.

दुसऱ्या दिवशी सराफ जामिनावर सुटतो. पुढे चांदीही परत मिळते. सोनं मात्र मिळत नाही. मालखान्यातलं, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीतलं, हे सोनं ज्या हवालदाराच्या ताब्यात होतं, तो ते घेऊन थेट पाकिस्तानात पसार झालेला असतो.

सराफाच्या पेढीनं उत्तर प्रदेश सरकारवर दिवाणी दावा लावला. सोनं द्या, नाहीतर त्याची किंमत द्या. किंमत होती सुमारे ११ हजार रुपये. खालच्या न्यायालयात पेढी जिंकली, उच्च न्यायालयात हरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथल्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते आपल्या साताऱ्याचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर.

जप्त केलेला ऐवज कसा सांभाळायचा, याचे पोलिसांचे स्वतःचे नियम होते. ते पाळले गेले नाहीत, पोलिसांनी हलगर्जीपणा केला, हे न्यायालयानं मान्य केलं. आणि तरीही १९६४ च्या सप्टेंबरात दावा फेटाळला.

का? अटक, झडती, जप्ती हे राज्याचे सार्वभौम अधिकार. असा अधिकार वापरताना सरकारी नोकराच्या हातून कुणाचं नुकसान झालं, तर त्यासाठी सरकारवर दावा चालत नाही. कायदा तसाच होता.

(पडद्यावर: कलकत्त्याची जुनी गोदी)

या कायद्याचं मूळ सापडतं कलकत्त्यात, एका घोड्यापाशी. खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळून एका जहाज कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीचे मजूर लोखंडाचा अवजड भाग वाहून नेत होते. तो त्यांच्या हातून पडला, घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीनं सरकारवर दावा लावला. १८६१ मध्ये न्यायालयानं सरकारी कामाचे दोन भाग पाडले. गोदी चालवणं हे कुणीही खासगी माणूस करू शकेल असं काम. तिथे सरकार जबाबदार. जे काम फक्त राज्यकर्ताच करू शकतो, तिथे नाही. घोड्याची भरपाई मिळाली.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० नं सरकारच्या जबाबदारीची ही जुनी रेषा तशीच पुढे चालवली. त्यातून काय निष्पन्न झालं ते बघा. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत येत होती. चालकानं एका पादचाऱ्याला उडवलं. तिथे राजस्थान सरकारनं भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानंच १९६२ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे सरकारी जीपखाली आलात तर दाद मिळते, पण पोलीस ठाण्यात लुटले गेलात तर मिळत नाही. नागरिकाला संरक्षणाची गरज सर्वात जास्त जिथे असते, नेमकं तिथेच सरकारला कवच.

बरं, ज्या इंग्लंडकडून आपण हा विचार उचलला, त्या इंग्लंडनं स्वतःचं हे कवच कायदा करून काढून टाकलं होतं. कधी? जुलै १९४७ मध्ये. मेरठचं सोनं जप्त होण्याच्या दोन महिने आधी.

निकाल देताना गजेंद्रगडकर अस्वस्थ होते, आणि ही अस्वस्थता निकालपत्रात उतरली आहे. सरकारच्या जबाबदारीबद्दल विधिमंडळांनी स्पष्ट कायदा करायला हवा, असं त्यांनी बजावलं. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधि आयोगानंही १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात तेच म्हटलं होतं. १९६५ मध्ये विधेयक आलं, १९६७ मध्ये पुन्हा आलं, आणि बारगळलं. तो कायदा आजतागायत झालेला नाही. या गोष्टीतली मुख्य चूक मला हवालदाराची वाटत नाही. पळून जाणारे हवालदार कुठल्याही देशात निघतात. पण सरन्यायाधीशांनी दाखवलेलं भोक संसदेनं बुजवलं नाही. मग न्यायालयांनाच बाजूनं दुसरी वाट काढावी लागली.

(पडद्यावर: तुरुंगाचं दार)

ही वाट निघाली १९८३ मध्ये, बिहारच्या एका तुरुंगातून. रुदुल शाह खटला. मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयानं या माणसाला जून १९६८ मध्ये निर्दोष सोडलं होतं. तुरुंगातून तो प्रत्यक्ष बाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षं! सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी रिट याचिकेतच, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जातच, ३० हजार रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्क तुडवला गेला असताना नुसता सुटकेचा आदेश देऊन थांबलो तर त्या हक्काला अर्थ काय, हा त्यामागचा विचार. वेगळा दिवाणी दावा लावायचा हक्कही त्यांनी शाबूत ठेवला.

त्यानंतर १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका आमदाराला ५० हजार मिळाले. विधानसभेत जाताना पोलिसांनी त्यांना बेकायदा अटक केली होती. १९९० मध्ये दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचा मुलगा गेला, त्याच्या आईला ७५ हजार.

पण सोन्याच्या खटल्यातला तो १९६४ चा निकाल अजून उभाच होता. त्याला बगल दिली ओडिशातल्या एका आईच्या पत्रानं.

डिसेंबर १९८७. सुंदरगड जिल्ह्यात चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी एका बावीस वर्षांच्या तरुणाला चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. तो रात्री पळाला आणि गाडीखाली आला, असं पोलिसांचं म्हणणं. आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली. अंगावरच्या जखमा रेल्वेच्या नव्हत्या, मारहाणीच्या होत्या.

नीलबती बेहेरा खटल्याचा निकाल मार्च १९९३ मध्ये लागला. भरपाई दीड लाख रुपये. रकमेपेक्षा महत्त्वाची होती न्या. जे. एस. वर्मा यांची मांडणी. सार्वभौम अधिकाराचं कवच खासगी कायद्यातल्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या साध्या दिवाणी दाव्यात चालत असेल तर चालो. मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर ते चालणार नाही.

याचा परिणाम चमत्कारिक आहे. भारतानं १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तेव्हा बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क आपल्याकडे नाही, असं लेखी कळवलं होतं. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयानं म्हटलं की आता त्या म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. सरकारनं जे नाही म्हटलं, ते न्यायाधीशांनी निकालानिकालांतून उभं केलं.

आणि लिखित कायदा काय देतो? फौजदारी प्रक्रियेचा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम ३९९ वाचा. विनाकारण अटक झालेल्याला भरपाई: जास्तीत जास्त १ हजार रुपये. तीही पोलिसांनी द्यायची नाही, ज्यानं पोलिसांना अटक करायला लावली त्यानं द्यायची!

तर मग सगळ्यांनी रिटच करावी? इथे अडचण येते. रिटमध्ये न्यायालय साक्षीपुरावे सहसा तपासत नाही. घटना वादातीत असेल तर भरपाई मिळते. पोलिसांनी सगळंच नाकारलं, तर ‘दिवाणी न्यायालयात जा’ असं सांगितलं जाऊ शकतं. तिथे सरकारला दोन महिन्यांची आगाऊ नोटीस, मागितलेल्या रकमेनुसार कोर्ट फी, आणि मुदत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सांगतं की कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत लावला पाहिजे. मार खाऊन आलेला माणूस सहा महिने दवाखाना आणि जामिनाच्या तारखा यांतच फिरत असतो.

(पडद्यावर: अंतराळ संशोधन केंद्राची इमारत)

नेटानं लढलं तर काय होतं, ते शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्या प्रकरणात दिसतं. १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली केरळ पोलिसांनी त्यांना अटक केली. आरोप खोटे निघाले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५० लाख रुपये द्यायला सांगितले. शिवाय त्यांचा दिवाणी दावा चालूच होता. तो राज्य सरकारनं २०२० मध्ये १ कोटी ३० लाख देऊन मिटवला. त्यांना देशभर नाव होतं. तरी अटकेपासून या रकमेपर्यंत पाव शतक गेलं.

आता एक प्रश्न, ज्याकडे निकालाच्या बातम्या फारशा वळत नाहीत. पैसे कुणाच्या खिशातून जातात? सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या. संबंधित अधिकाऱ्याकडून वसुली करायची मुभा न्यायालयानं दिल्लीच्या प्रकरणातच दिली होती. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. वसुली करायची की नाही हे सरकारनं ठरवायचं, आणि पीडिताच्या हाती रक्कम पडली की त्याच्यापुरतं प्रकरण संपतं. ठाण्याच्या वार्षिक हिशेबात या भरपाईचा बोजा दिसला असता, तर वरिष्ठांनी पुढच्या वेळी कोठडीत जरा लवकर डोकावून पाहिलं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

सरतेशेवटी दावा असो की रिट, सगळं कागदावर येऊन ठेपतं. डी. के. बसू निकालानं अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. ते जमत नसेल तर निदान वर्षभर. म्हणून जाणते वकील भरपाईचा आकडा ठरवत बसत नाहीत. ते आधी लेखी अर्ज देतात: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण पुसू नका. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतात.